लेडीज मॉडेल, १९१४

रोटोटुना, हॅमिल्टन
६ ऑक्टोबर २०२४

चि. विनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, म्हणून खरी बातमी पत्रातच लिहिते. माझा गुडघा बरा आहे. शंतनूच्या आरुषीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि घर येईपर्यंत आमचं भांडण मिटतं.

आता मोठी बातमी. शेजारचे कॉलिन, ज्यांच्या पूर्वी गायी होत्या, त्यांच्या शेडमध्ये त्यांच्या आजीची मोटारसायकल आहे. डग्लस, ब्रिस्टलची, १९१४ची. तीनशे अठ्ठेचाळीस सीसी, कागदावर अश्वशक्ती पावणेतीन. दोन सिलिंडर आडवे, एक पुढे तोंड करून, एक मागे. दोनच गिअर. मागच्या चाकाला साखळी नाही, पट्टा आहे. तेल पाजायला हातपंप, तो मारायला विसरलं तर इंजिन जाम. त्या काळच्या साध्या मॉडेलला क्लचच नसायचा. पुरुष गाडी पळत ढकलायचे आणि उडी मारून बसायचे. ही मात्र खास बायकांसाठी केलेली. क्लच आहे, किक आहे आणि झगा अडकू नये म्हणून चौकट मधे खाली वाकवली आहे. म्हणजे आपल्या साडीचीही सोय झाली.

साताऱ्याच्या शाळेत जन्मभर मी फळ्यावर इंजिन काढलं, पण हात काळे झाले ते आत्ता. कॉलिन माझ्या नावाला मिसेस जोडून मला मिसेस बेबी म्हणतात. मी एखादा नट बरोबर बसवला की ‘स्वीट ॲज’, म्हणजे झकास, म्हणतात. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मार्चमध्ये जुन्या गाड्यांचा मेळावा आहे तिथे डग्लस मी चालवावी असा त्यांचा आग्रह आहे. एका शेतातल्याच रस्त्यावर दोन फेऱ्या मारायच्या, बस. तुझ्या डॉक्टर भावाला, शंतनूला, हे पसंत नाही. त्याने बरंच समजावलं, मी हसले. तो हसला नाही.

जावईबापूंना नमस्कार. आईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई


सातारा
१० डिसेंबर २०२४

चि. शंतनूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतेय. काल आईचं पत्र आलं. अक्षर तेच, पण ते आपल्या आईचं पत्र नाही. लिहितेय की तिची आठवण जात चालली आहे. त्या मोटारसायकलचा कुठलासा भाग साफ करून तिने स्वयंपाकघरातल्या डबीत ठेवला होता, तो गेला. ठेवल्याचं आठवतं, उचलल्याचं आठवत नाही. तू तिची तपासणी केलीस म्हणे. आता ती शेडमध्ये जात नाही, शेगडी एकटी पेटवत नाही. आरुषीला शाळेतून आणणंही सोडलंय, रस्त्यात तिलाच विसरून आले तर, म्हणते. शेवटी विचारलंय की माझ्या घराजवळ अशा म्हाताऱ्या माणसांची सोय कुठे होते का.

मी पत्र वाचलं आणि भाजी करपली तरी तशीच बसून राहिले. अरे, आपल्या दोघांच्या शाळेतल्या सगळ्या बाईंची नावं जिला पाठ आहेत, तिचं दोन महिन्यांत असं कसं होईल? तू रोज म्हाताऱ्या माणसांना तपासतोस. नक्की काय निघालं ते लिही. माझ्यापासून लपवू नकोस.

अबोलीला आशीर्वाद. काळजीत असलेली,
तुझी ताई


हॅमिल्टन
२८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न.

फोन करणार होतो. पण इथली घरं लाकडाची. एका खोलीत खोकलं तर दुसरीत कळतं. अबोलीला, स्वतःच्या बायकोलाही, मी यातलं काही सांगितलेलं नाही.

ताई, आईला काहीही झालेलं नाही. तो भाग मी घेतला. मॅग्नेटोचा कॉन्टॅक्ट ब्रेकर, सुपारीएवढा पितळी तुकडा. तो नसला की ठिणगी पडत नाही आणि गाडी सुरू होत नाही. आता तो माझ्या हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये आहे.

माझ्या वॉर्डात खुबा मोडलेल्या आज्या येतात. चांगल्या हिंडत्याफिरत्या असतात, एकदा पडतात आणि पुन्हा घरी जात नाहीत. आई त्या गाडीवर बसलेली मला सारखी दिसायची. बाबांच्या वेळी मी विमानतळावर अडकलो आणि ते गेले, ते तुला माहीत आहे. तिला नाही म्हणून पाहिलं, ती हसली. वाटलं, भाग सापडला नाही की कॉलिन वैतागून गाडी पुन्हा ताडपत्रीखाली ठेवतील. एवढंच होईल, दुसरं काही होणार नाही.

कॉलिन वैतागले नाहीत. आईला दोष न देता क्लबात सगळ्यांना विचारत बसले. आईने मात्र ओट्याखालचे सगळे खण उपसले. मग कचरा न्यायच्या दिवशी मी कामावर निघालो, तर ती हातमोजे घालून दारात कचऱ्याचा डबा पालथा करून बसली होती. चहापत्ती, केळ्याच्या साली, एकेक बाजूला करत होती. मी गाडी थांबवली. तिने वर पाहून सांगितलं, तू जा, तुला उशीर होईल. मी गेलो.

नंतर तिनेच तपासणी कर म्हणून हट्ट धरला. कागदावर घड्याळ काढायला लावतात, अकरा वाजून दहा मिनिटांचं. ती घाबरून गेली होती. तिने काटे उलटे काढले, मग खोडून बरोबर केले. जिने वर्गात लंबकाचे प्रयोग केले तिने. मग विचारलं, “शंतनू, खरं सांग, मला तसलं काही होतंय का?”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “वयाप्रमाणे थोडं होतंच, आई.”

डॉक्टरच्या आवाजात म्हणालो. त्या दिवसापासून मला तो आवाज वॉर्डातही काढवत नाही. शेगडीपाशी उभी राहून ती अबोलीला हाक मारते, बटण फिरवू का विचारते, आणि मी पेपर तोंडासमोर धरतो.

एक मार्ग सुचलाय. तुकडा खणाच्या मागे टाकतो. एखाद्या दिवशी तिलाच सापडेल, तिची भीती जाईल आणि कुणाला काही कळायला नको. तू काय म्हणतेस?

रागावशील, ते ठाऊक आहे. पण मला टाकून देऊ नकोस.

तुझा,
शंतनू


सातारा
१४ जानेवारी २०२५

चि. शंतनूस,
आशीर्वाद.

आज संक्रांत, म्हणून आधी तिळगूळ घे. पुढे गोड बोलणं जमणार नाही.

तुकडा खणाच्या मागे टाकायचा नाही. तो तिथे सापडला तर ती म्हणेल, इथे ठेवला आणि हेही विसरले. तुझी सुटका होईल आणि तिची भीती पक्की होईल.

तिच्यासमोर बस, तुकडा तिच्या हातात दे आणि मी घेतला असं सांग. काळजीपोटी घेतला हे नंतर सांग, आधी नको. घड्याळ काढल्यावर तू जे खोटं बोललास, तेही सांग. तुकड्यापेक्षा मला त्या घड्याळाचाच जास्त राग आलाय. मी फोन करून तिला सांगू शकते, हे पत्र लिहिताना दोनदा फोन हातात घेतला. पण ते तुझ्याच तोंडून तिने ऐकायला हवं. पत्र मिळाल्यावर फार वाट पाहायला लावू नकोस.

बाबांच्या वेळचं ओझं तू अजून वाहतोयस, हे मला कळायला हवं होतं. ते आपण कधीतरी बोलू. टाकून कशी देईन.

तुझी ताई


रोटोटुना
१६ मार्च २०२५

चि. विनूस,
आईचे आशीर्वाद.

तुला आधीच ठाऊक होतं, हे शंतनूने सांगितलं. तुझ्यावर थोडी रागावले, मग सोडून दिलं.

फेब्रुवारीत एका रविवारी तो माझ्या खोलीत येऊन खाली जमिनीवर बसला आणि तुकडा माझ्या हातात ठेवून सगळं बोलला. मी आधी आरुषीला बोलावलं आणि तिच्याबरोबर फिरायला गेले. एकटीच, म्हणजे मोठं माणूस मी एकटीच. खूप लांब गेलो आणि मी वाट चुकले नाही. परत आल्यावर त्याला म्हटलं, हे कॉलिननाही तूच सांग. त्याने सांगितलं. कॉलिन बराच वेळ पाना पुसत राहिले. मग त्याला म्हणाले की त्यांच्या मुलानेही त्यांची ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली, पण तोंडावर.

मी दुसऱ्या डॉक्टरबाईंकडून तपासून घेतलं. सगळं ठीक आहे. तरी विनू, अजून चष्मा मिळाला नाही की मला वाटतं झालं सुरू, आणि मी आधी शंतनूच्या चेहऱ्याकडे बघते. त्यालाही ते दिसतं. उठून तो चष्मा शोधायला लागतो. हे जायला वेळ लागेल, त्यालाही आणि मलाही.

काल मेळावा झाला. उन्हाने गवत पिवळं पडलंय, मैदानभर जुन्या गाड्यांच्या तेलाचा वास. अबोलीने मला हेल्मेट बांधलं. दुसऱ्या किकला इंजिन पेटलं, निळा धूर निघाला. मी हातपंप मारला आणि क्लच सोडला. पट्टा आधी नुसताच घसरला, मग चाकाला पकड मिळाली आणि मी निघाले. वेग कसला, सायकलवाला पुढे गेला असता. पण चढावर दुसऱ्या गिअरवरून पहिला मी टाकला तो बरोबर वेळेला. आरुषी कुंपणावर चढून ‘हीप्स कूल, आजी’, म्हणजे एकदम भारी, असं ओरडत होती.

पहिल्या फेरीत शंतनू माझ्या बाजूने धावत होता. कुणी सांगितलं नव्हतं. हात पुढे केलेले, पडले तर धरायला. वळणावर तो मागे राहिला, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत. दुसऱ्या फेरीला मी तिथून गेले तेव्हा तो बाजूला उभा होता, हात खाली सोडून.

उतरल्यावर तो जवळ आला. माफ केलंस का, असं विचारायचं त्याच्या तोंडावर होतं, पण विचारवेना. केलं असं म्हणणं मला सोपं होतं. पण विनू, खोटं बोलून समजूत घालणं आता आमच्या घरात नको.

मी म्हणाले, “मला अजून राग आहे. पण फार दमलेय. घरी चल, आणि सावकाश चालव.”

तो सावकाश चालवत होता. मी वाटेत झोपले.

पत्र लवकर पाठव आणि त्यालाही दोन ओळी लिही.

तुझी,
आई