भाकरीसारखा मळू नको

दीपा,

१९७२ साली मी या घरात नवी सून म्हणून आले आणि खिम्याचे गोळे करताना सवयीने भाकरीच्या पिठासारखा खिमा मळला. गोळे दगड झाले. सासूबाई म्हणाल्या, "कायले एवढा मळून राह्यली वं? भाकरी थापाच्या हायेत का?"

काल तुझे बर्गर कोरडे झाले. बसस्टँडवर लावायला आणलेला गाडा परत करते म्हणालीस आणि रडत झोपलीस. तूही खिमा तसाच रगडत होतीस. बर्गरचंही तेच होत असेल का, हे मला बघायचंच होतं. पहाटे उरलेला खिमा चरबीसकट हलक्या हाताने जमवला, मीठ वरून लावलं आणि तव्यावर सराट्याने दाबला नाही. पहिल्याच घासाला रस मनगटापर्यंत ओघळला!

तुझे दोन झाकून ठेवलेत. खाऊन बघ, मगच ठरव.

सासूबाई पुढे जन्मभर माझ्याच हातचे गोळे मागायच्या. मी बाभुळगावला बहिणीकडे चालले, तिच्यासाठी एक बांधून घेतलाय. काल "गाडा परत करून टाक" म्हणणाऱ्या तुझ्या राजदीपदादाने उभ्यानेच दोन खाल्ले, आणि आता अंगणात गाडा धुतोय.

– आजी