ताईची झोप आणि हैदराबादचे डोळे

११ डिसेंबर

ताई बँकेत परत झोपली. हेडफोन कानाला, पलीकडं ग्राहक बोलतोय आणि ही टेबलावर डोकं ठेवून! तिनं ऑटोत स्वतःच सांगितलं. बँकेतल्या मॅडम रागावल्या नाहीत म्हणे, नुसतं म्हणाल्या — बुद्धप्रिया, प्रोबेशन अजून संपलेलं नाही. न रागावता बोललं की मला जास्त भीती वाटते.

अंध कोट्यातून ही जागा मिळाली. तिच्यासाठी मी नांदेडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, फ्लेक्सच्या दुकानात अक्षरं तपासायचं काम धरलं. नोकरी गेली तर दोघंही परत किनवटला.

१३ डिसेंबर

घरमालकीण सिद्धम्मा म्हणाली, "रातभर मोबाईल बघत आसंल."

मी म्हटलं, मावशी, ती बघणार कशी?

थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग ऐकत आसंल."

आईचा फोन. तिच्या मते नजर लागली. नोकरीला नव्हे, हैदराबादहून आणलेल्या नव्या डोळ्यांना.

१७ डिसेंबर

नीट लक्ष ठेवलं. ताईची झोप बिघडलेली नाही — ती सरकते! रोज थोडी पुढं. आधी उशिरा, मग पहाटे, मग पार दिवसा. पुढं कधीतरी फिरून जागेवर येते. तेव्हा आम्हाला वाटतं, झाली बरी. की लगेच परत सरकायला लागते. लातूरला अंधशाळेच्या वसतिगृहात हीच ताई सगळ्या पोरींच्या आधी उठून बसायची.

२० डिसेंबर

तिला शांत झोप लागावी म्हणून आतल्या खोलीच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकला. तसाही तिथं उजेड कमीच. खिडकीची खोली माझी, आतली ताईची. गावाकडंही असंच — तिला उजेडाचा काय उपयोग? ती एकटी असली की आम्ही दिवाही बंद करतो. बिल वाचतं.

२९ डिसेंबर

फरक नाही. उलट जास्तच. बँकेनं आज लेखी दिलं. कागद मी वाचून दाखवला. "कर्तव्यावर असताना निद्रिस्त." ताई म्हणाली, निद्रिस्त — शब्द चांगला आहे. आणि हसली. मला हसू आलं नाही.

४ जानेवारी

लातूर. शाळेत मुलींना तपासायला यायच्या त्याच डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई. ताईला आवाजावरून नाही, चालण्यावरून ओळखलं त्यांनी.

डोळ्यांकडं बघून विचारलं, हे कधी बसवले? ताईचे डोळे जन्मापासून खोल गेलेले, पांढरे. त्यांच्यावर बसतील अशा रंगवलेल्या वाट्या गणपतीच्या सुमारास हैदराबादहून करून आणल्या. काळीभोर बुबुळं. नोकरी लागली म्हणून. सकाळी घालते, झोपताना काढते.

बाईंनी मला समजावलं ते आठवेल तसं लिहितो. प्रत्येकाच्या मेंदूत एक घड्याळ असतं. बहुतेकांचं ते रोज थोडं मागं पडतं. सकाळचा उजेड ते रोज परत बरोबर लावतो. हा उजेड आत जातो डोळ्यांतूनच — पण बघायच्या पेशी वेगळ्या आणि दिवस-रात्र सांगायच्या वेगळ्या. ताईच्या पहिल्या गेल्या आहेत. दुसऱ्या बहुतेक जिवंत आहेत, नाहीतर वसतिगृहातसुद्धा झोप सरकली असती.

"हे डोळे काम करत होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्यावर झाकण घातलं."

मग घरात कुठं झोपते, कुठं बसते, विचारलं. मी पुठ्ठ्याचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

वाट्या दीड महिना बंद. रोज सकाळी उन्हात बसायचं. बँकेसाठी चिठ्ठी दिली.

५ जानेवारी

ताई ऐकायला तयार नाही. मी नोकरीचं म्हटलं, आईचं म्हटलं. ती चहाचा कप फिरवत बसली. मग म्हणाली —

"आधी लोक तुला विचारायचे. ह्यांना पाणी पाहिजे का, ह्यांना कुठं सोडायचं. डोळे घातल्यापासून मला विचारून राहिले. झोपेपायी हे सोडू का मी?"

तिनं डोळे घातले की मी सोबत असून नसल्यासारखा व्हायचो, ते मलाही आवडायला लागलं होतं.

६ जानेवारी

"दीड महिना. त्याच्यावर एक दिवस न्हाई," ताई म्हणाली. पुठ्ठा काढला. खोल्या बदलल्या. आता खिडकी तिची.

८ जानेवारी

ऑटोवाला मला म्हणाला, "ह्यांना धरून बसवा."

ताई माझा हात सोडून स्वतःच चढली.

१५ जानेवारी

रोज गच्चीवर बसवतो. सिद्धम्मा पापड वाळत घालते, म्हणते, तुझी ताई बी वाळवून काढ. ताई म्हणाली, मावशी, उलटवायला विसरू नका.

२३ जानेवारी

रात्री झोपली, सकाळी उठली. घाई करत नाही. मागंही एकदा अशीच जागेवर आली होती.

४ फेब्रुवारी

जागेवर आहे! सरकली नाही. आज तर मला तिनं उठवलं.

९ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावून सांगितलं, काम चांगलं चाललंय. पण सांगितलं मला. ताई शेजारी उभी होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ठरल्याप्रमाणं करणार मी. मुदत झाली की डोळे घालणार. झोपेचं मी बघून घेईन."

लातूरला फोन लावला. बाई म्हणाल्या, त्यांचं आयुष्य आहे, पण झोप परत सरकेल. मी हे ताईला सांगितलं. तिला ते माहीत होतं.

१९ फेब्रुवारी

मुदत संपली. उद्या डोळे घालायचे म्हणून ताईनं त्यांची डबी धुऊन पुसून ठेवली.

संध्याकाळी ती बल्बखाली मेथी निवडत होती. मी समोर. पंखे अजून सुरू नाहीत, घरात कसलाच आवाज नव्हता. वीज गेली. मी बोललो नाही, हललोही नाही.

ताईचे हात थांबले.

"आनंद, आत्ता काय गेलं रे?"

"लाईट," मी म्हटलं.

तिनं तोंड वर केलं, बल्बच्या दिशेनं. मेथीची काडी हातातच.

मग म्हणाली, "डबी कपाटात ठेव."