चार नंबरची गाडी, चालकावाचून

प्रिय चालकसाहेब,

तुझ्या मानेला माझा सप्रेम नमस्कार. (तोंडालाही केला असता, पण आपल्या बावीस वर्षांच्या नोकरीत तू ट्रामच्या पुढच्या टोकाला उभा आणि मी मागच्या. तुझ्या उजव्या कानाखालचा तीळ मी डोळे मिटून दाखवीन, पण नाक कसं होतं ते विचारलंस तर अंदाजानंच सांगावं लागेल.) तुझी तब्येत बरी असेल, वहिनींचे गुडघे कुरकुर करत नसतील, आणि लेकीच्या घरी तुमचं दोघांचं छान चाललं असेल असं धरून चालतो. धरून चालतो, कारण तू कळवत नाहीस. तू माझ्याशी बोलत नाहीस याला येत्या महिन्यात अठ्ठावीस वर्षं होतील. हा विषय मी पत्रात काढणारच नव्हतो, म्हणून तो सुरुवातीलाच काढून मोकळा होतो. ट्राम कायमची बंद झाली त्या दिवशी, शेवटच्या फेरीला, भर दुपारी, वहिनी इस्पितळाच्या थांब्यावर उभ्या होत्या. मी एक घंटा द्यायला गेलो, दोरी अडकली, हिसका दिला तर तीन वाजल्या, आणि तू गाडी न थांबवता स्वतःच्या बायकोसमोरून निघून गेलास. दोरी अडकली हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो. विषय संपला.

(एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, तीन म्हणजे गाडी भरली, थांबू नकोस. हे तुला सांगायची गरज नाही, पण सूनबाई माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचते आहे आणि दर ओळीला प्रश्न विचारते आहे.)

तर पत्रास कारण असं की चार नंबरची गाडी पुन्हा सुरू झाली आहे. दचकू नकोस. ट्राम नाही, फक्त गाडी सुरू झाली आहे. झालं असं की डॉक्टरांनी मला रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं. मी विचारलं, कुठून कुठे? ते म्हणाले, कुठूनही कुठेही. आता तूच सांग, ज्या माणसानं उभ्या जन्मात गाडीवरच्या पाटीशिवाय पाऊल उचललं नाही त्यानं कुठूनही कुठेही कसं जायचं? पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेर पाऊण तास नुसता उभा राहिलो. शेवटी सूनबाईनं चिडून विचारलं की बाबा, तुम्ही जाताय की येताय, आणि त्या प्रश्नानं माझं डोकं एकदम जागेवर आलं. मी सरळ डेपोच्या जुन्या दरवाजाशी गेलो, खिशातली घंटा काढली (जुन्या सायकलची आहे, पण आवाज भरदार आहे), दोनदा वाजवली आणि तळ्यापर्यंत चालत गेलो. वाटेतल्या अकराही थांब्यांवर थांबलो. न थांबून सांगतो कोणाला!

तू गेल्यापासून या रस्त्याचा पार चेहरामोहरा बदललाय. साबणाचा कारखाना आठवतो? सोमवारी गुलाब, गुरुवारी लिंबू. प्रवासी वासावरून वार ओळखायचे आणि त्या वासावर कितीतरी जणांचा डोळा लागायचा. तिथे आता बावीस मजली इमारत आहे आणि तिला कसलाही वास येत नाही. मी तिथे थांबून सवयीनं दीर्घ श्वास घेतो आणि वार कोणता ते वर्तमानपत्रात बघतो. घड्याळजीचा कोपराही गेला. आपण बावीस वर्षांत एकदाही उशिरा पोचलो नाही त्याचं कारण ते दुकान होतं, हे तुला आणि मलाच ठाऊक. काचेत सोळा घड्याळं आणि सोळांची सोळा मतं! आपल्या सोयीचं जे असेल ते बघून तू वेळ लिहायचास. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे आणि मेले सगळे फोन एकच वेळ दाखवतात. मला रोज सात मिनिटं उशीर होतो आणि बोलायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर खिडकीवाल्या बाई उभ्या होत्या. (त्याच, खिडकीची जागा मिळाली नाही तर पुढच्या गाडीची वाट बघणाऱ्या. आता ऐंशीच्या आहेत, हेका तेवढाच आहे.) मी घंटा वाजवून थांबलो, तर त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, किती हा उशीर! अठ्ठावीस वर्षांचा की सात मिनिटांचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या माझ्यापुढे चालू लागल्या, रस्त्याच्या कडेकडेनं, कारण ती खिडकीची बाजू. चौथ्या दिवशी छत्रीवाले मास्तर चढले. आठवड्याभरात पंधरा माणसं झाली. जोडीजोडीनं, पूर्वीच्याच जागेवर, पूर्वीच्याच शेजाऱ्याशी पूर्वीचंच भांडण काढून चालतात. ज्यांना बसायची जागा मिळालेली नाही ते एक हात वर धरून चालतात. (वर धरायला काही नाही हे मी एकाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, मग पडू का?) तळ्यापाशी पोचलो की सगळे जागच्या जागी वळतात आणि मागचे पुढचे होतात, परतीच्या फेरीला आपण बाकांच्या पाठी उलट्या केल्यावर बाकं व्हायची तसे. त्या वेळी मी पंधरा माणसांना वळसा घालून पुन्हा मागच्या टोकाला जातो, आणि डॉक्टर म्हणतात की माझी तब्येत सुधारते आहे ती याच्यामुळेच.

आता अडचण कुठे आली ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मागे कंडक्टर, मध्ये प्रवासी, आणि पुढे कोणी नाही. मी पुढे जावं तर कंडक्टर पुढे गेलेला कोणी पाहिलाय? दुसऱ्या कोणाला पुढे घालावं तर खिडकीवाल्या बाई म्हणतात की परक्या हातात गाडी दिली तर आम्ही उतरतो. शेवटी सर्वानुमते पुढची जागा मोकळी ठेवून चालायचं ठरलं. दहाव्या दिवशी चौकातल्या वाहतूक पोलिसानं आम्हाला अडवलं आणि या मोर्चाचा पुढारी कोण असं विचारलं. पंधरा माणसांनी एकदम पुढच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. त्यानं तिथे निरखून बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि मोर्चाला परवानगी लागते असं सांगितलं. मी त्याला नम्रपणे समजावलं की हा मोर्चा नसून सेवा आहे. मग तो म्हणाला, डावीकडून चाला. मी म्हटलं, ट्राम डावीकडून कशी जाईल? रूळ मधोमध आहेत. त्यानं रस्त्याकडे बघितलं, मी रस्त्याकडे बघितलं, आणि डांबराखाली काय आहे हे दोघांपैकी एकालाच माहीत असल्यामुळे त्यानं हार मानली. आता तो रोज आमच्यासाठी चौक अडवून धरतो. परवा हळूच विचारत होता, त्याची सासू त्याच मार्गावर राहते, तर तिला इकडून नेता येईल का. परत आणण्याबद्दल काही बोलला नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण गेल्या मंगळवारी खिडकीवाल्या बाईंना घड्याळजीच्या कोपऱ्याच्या पुढे, डांबर उखडलेल्या जागी, हातभर रूळ दिसला. मी डोळे भरून बघत राहिलो. इतकी वर्षं तो खाली पडून होता आणि मी त्याच्यावरून भाजी आणायला जात होतो! पण बाई रडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी ताबडतोब दाखवून दिलं की आपण आजवर चुकीचं चाललो, आपला मार्ग इथे डावीकडे वळायचा. वळायचाच, त्यांचं खरं होतं. फक्त त्या वळणावर आता फर्निचरचं मोठं दुकान उभं आहे. तू पुढे असतास तर ब्रेक लावला असतास. तू नव्हतास. दुकानाचं काचेचं दार माणूस जवळ आला की आपोआप उघडणारं निघालं आणि अख्खी गाडी आत गेली.

आत चाळीस सोफे होते. पंधरा थकलेली म्हातारी माणसं आणि चाळीस सोफे, पुढचं मी काय सांगू! मी दोन घंटा दिल्या, कोणी उठेना. मी पुन्हा दोन दिल्या, दोघं घोरायला लागले. दुकानातला विक्रेता धावत आला आणि मास्तरांना विचारू लागला की कोणता पसंत पडला. मास्तरांनी त्याला गंभीरपणे विचारलं की परतीच्या फेरीला या सोफ्याची पाठ उलटी कशी करायची. पोरगेला विक्रेता, पण हुशार. त्यानं बाजूची एक कळ दाबली आणि मास्तर छत्रीसकट आडवे झाले. त्यांना पुन्हा उभं करायला चौघं लागले. बाहेर पडायला पुढे रस्ताच होता, मागच्या दारानं थेट पलीकडच्या गल्लीत, नव्हे, पलीकडच्या दवाखान्यात. दातांच्या. जुनं वाचनालय होतं ना, तिथे आता दंतवैद्य बसतात. तो मास्तरांचा थांबा. मी एक घंटा दिली, मास्तर उतरले, नेहमीप्रमाणे आतल्या खुर्चीत जाऊन बसले आणि इतकी वर्षं राहिलेलं पुस्तक परत करायचंय असं सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. दंतवैद्यांनी संधी साधली. परतीच्या फेरीला मास्तर कापूस चावत बसले होते. ते एवढंच म्हणाले की पूर्वी तिथे इतकी शिस्त नव्हती.

त्या दिवसापासून प्रवाशांनी असहकार पुकारलाय. रोज सकाळी आपापल्या थांब्यावर येऊन उभे राहतात, पण चढत नाहीत. म्हणतात, या गाडीला ब्रेक नाही, चालक आल्याशिवाय आम्ही जीव धोक्यात घालणार नाही. मी एकटा रिकामी गाडी घेऊन अकरा थांबे करतो आणि प्रत्येक थांब्यावर ओळखीची माणसं माझ्याकडे तोंड फिरवून उभी असतात. तुझ्याकडून मला याची सवय आहे, पण पंधरा जणांकडून एकदम जड जातं. म्हणून (रागावू नकोस) मी सगळ्यांना सांगून टाकलंय की आपला चालक रजेवर आहे आणि येत्या एक तारखेला कामावर रुजू होतोय. पोलिसानं तशी नोंद केली आहे. मास्तर त्या दिवशी नवा दात बसवणार आहेत.

मी तुला बोलावत नाही. बोलावणं तुला मानवणार नाही हे मला कळतं. मी फक्त कळवतो आहे. मोठ्यांना आदर, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्या सर्वांनी कृपा करून पुढे सरकावं.

तुझ्या पाठीमागचा,
कंडक्टर

ता. क. गाडी चालवायची ती पितळी दांडी, जी तू शेवटच्या दिवशी हरवली म्हणून साहेबांना लिहून दिलीस, ती तुझ्या कपाटात जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली आहे. मला माहीत आहे, कारण तू ती गुंडाळून नेलीस तो स्वेटर माझा होता. येणार असशील तर दोन्ही आण. मी बोलावत नाही.

आणखी ता. क. सूनबाई म्हणते, बाबा, इतकं पाल्हाळ लावण्यापेक्षा सरळ या म्हणून लिहा. तर सूनबाईच्या आग्रहाखातर लिहितो: ये. पुढची जागा मोकळी आहे, आणि ती बघत बघत चालणं मला आता जमत नाही.

शेवटचा ता. क., फक्त वहिनींसाठी. वहिनी, माझी आधीची सहा पत्रं न उघडता परत आली. हे उघडलं गेलं असेल तर ते तुम्हीच उघडलंत, हा नव्हे. तेव्हा आता सूनबाईला पाणी आणायला पाठवून घाईघाईनं लिहितो. दोरी अडकली नव्हती. त्या दिवशी खिडकीवाल्या बाई तापानं घरी होत्या आणि त्यांची जागा रिकामी होती, गाडीतली तेवढी एकच. मी बावीस वर्षं त्या गाडीत उभा होतो. मला एकदा बसून जायचं होतं. तुम्ही थांब्यावर दिसलात, नवी चप्पल घालून, त्याची गाडी आली म्हणून हसत होतात, आणि तुम्ही चढलात तर जागा तुम्हाला द्यावी लागेल हे माझ्या मनात आलं. मी मोजून तीन घंटा दिल्या. त्यानं बावीस वर्षांत माझी घंटा कधी मोडली नव्हती, त्या दिवशीही मोडली नाही. पुढचे तीन थांबे मी बसलो. जागा चांगली होती, पण तिथून याची मान दिसत नव्हती, आणि तुम्ही मागे लहान लहान होत गेलात ते मात्र दिसत राहिलं. मला माफ करा. खिडकीवाल्या बाईंनी जन्मात पहिल्यांदा आपली जागा सोडायचं कबूल केलंय, तुमच्यासाठी. एक तारखेला सकाळी आठ वाजता इस्पितळाच्या थांब्यावर उभ्या राहा. गाडी कितीही भरलेली असली तरी मी एकच घंटा देईन.