आधी समोरच्याची बाजू

३ मार्च, सकाळी ७.१०
काल आईशी पुन्हा वाद. विषय तोच, हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन. सर्जननी २१ तारीख दिली आहे. ती नको म्हणते. अकरा मिनिटांत माझा आवाज तीनदा चढला. ती शांतपणे भाजी निवडत राहिली. माझी पद्धत चुकते आहे. आजपासून नियम: आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. तो ‘हो, हेच’ म्हणाला की मग आपली. घरी आणि कारखान्याच्या तपासणी लॅबमध्येही.

६ मार्च
पहिला प्रयोग लॅबमध्ये. प्रेशर गेज दाब दोन टक्के जास्त दाखवतं, तरी ग्राहकाला पाठवा, असं प्रॉडक्शनचे साहेब म्हणत होते. मी त्यांच्या वतीने सांगितलं: जास्त दाखवतं म्हणजे धोका कमीच, आणि बदलायचं तर लाइन दोन दिवस बंद. साहेब म्हणाले, हो, हेच. मॅनेजरांनी सही केली. माझी पाळी येण्याआधी मीटिंग संपली. एरवी चाळीस मिनिटं जातात, आज चार. पद्धत चालते.

९ मार्च, संध्याकाळी ६.३०
आईला म्हटलं, तुझं म्हणणं असं ना, की बासष्टाव्या वर्षी छाती उघडून घेण्यापेक्षा आहे तेवढं हिंडून-फिरून जगावं? ती म्हणाली, छे गं, मला नुसती भीती वाटते. मी समजावलं, भीती हा मुद्दा होत नाही. तुझी बाजू नीट बांधू.

१२ मार्च
बांधली. सात मुद्दे, आकडेवारीसह. वाचून दाखवले. आई म्हणाली, बाई गं, मला इतकं सुचलंच नसतं. हो, हेच. मग माझी पाळी होती, पण ती दमली होती. हरकत नाही. तिचं पूर्ण ऐकून घेतलंय, आता ती नरमेल.

१५ मार्च
गेज तक्रारीसह परत आलं. साहेब म्हणतात, त्या दिवशी बाजू तर तुम्हीच घेतली होती.
दादाचा फोन. आई जन्मात पहिल्यांदा मुद्देसूद भांडली म्हणाला. तू तिची वकील आहेस का मुलगी? त्याचीही बाजू मांडायला घेतली. त्याने फोन ठेवला. भावनेच्या भरात असतो.

१७ मार्च
आई जिन्यात दोनदा बसली. तीन मजल्यांना नऊ मिनिटं, मागच्या महिन्यात सहा. उद्या माझी पाळी, नक्की.

१९ मार्च, सकाळी ११.४५
काल जमलं नाही. आज आईने स्वतःच हॉस्पिटलला फोन लावून तारीख रद्द करायला सांगितलं. सर्जननी कारण विचारलं, तेव्हा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, तू सांग, तुला छान जमतं. मी सातही मुद्दे सांगितले. ते म्हणाले, समजलं. तारीख दुसऱ्या पेशंटला दिली. पुढची जूनमध्ये, मिळालीच तर.

आई म्हणाली, झालं माझं. आता तुझं सांग. मी वही उघडून माझे नऊ मुद्दे वाचले. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच की. तुझं काय ते सांग ना.

पाणी आणते म्हणून उठले. स्वयंपाकघरात सहा मिनिटं उभी होते. परत आले तर तिला झोप लागली होती. श्वास मोजले. मिनिटाला सव्वीस, वीसच्या आत हवेत. पुन्हा मोजले.