भादरलेल्या दाढीविषयी गोपनीय

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, प्रत्यक्षात गुडघा आडवा येतो). ताईची नि आपली प्रकृती ठणठणीत असेलच. निवृत्तीपासून आपल्याला झोप छान लागते असे ताई म्हणते. साहजिक आहे. आपल्याला आता कशाचेही स्फटिक करून दाखवायचे नाहीत.

मला आहेत. आपण ज्याच्यापायी उभी हयात घालवलीत तोच हट्टी पदार्थ सध्या माझ्या गळ्यात पडला आहे, आणि फ्लास्कात नुसता तपकिरी डिंक! बर्फात ठेवला, काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडला, चार शिव्याही घातल्या (देवभाषेत, तिच्यात हा माल फार कमी, हे त्या दिवशी कळले). महिनाअखेर स्फटिक पडले नाहीत तर काम शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडे जाणार.

आता गोपनीय. आमचे दाढीवाले आपल्याला आठवत असतील. ते कुणाच्याही फ्लास्कवर ओणवून "काय म्हणतंय?" विचारीत, आणि सकाळी तळाशी शुभ्र खडे. जुन्या पदार्थांचे कण त्या दाढीत मुक्कामाला असतात, एखादा आत पडतो आणि त्याच्याभोवती बाकीचे गोळा होतात, असे सारा विभाग मानतो. मी मानीत नाही. 'यत्र यत्र दाढी तत्र तत्र स्फटिक' ही व्याप्ती कोणता नैयायिक मान्य करील? शुद्ध काकतालीय न्याय! पण सोमवारी हे गृहस्थ गुळगुळीत होऊन आले, आणि मंगळवारी बाईंच्याही एका अडलेल्या डिंकात स्फटिक पडले.

विचारले तर म्हणतात, "बायकोला टोचते हो." इतकी वर्षे नाही टोचली, ती नेमकी याच महिन्यात? शिवाय बाई त्यांना हल्ली 'दादा' म्हणतात. (मला अजून 'अहो, जरा सरका'.) शेवटी न्हाव्याला गाठून विचारले, त्यांचे केस कुणी पुडीत बांधून नेले का? तो वस्तरा खाली ठेवून दोन पावले मागे सरकला. माणूस काहीतरी लपवतो आहे.

आपला चिंताग्रस्त शालक

ता. क. आपला कामावरचा जुना एप्रन कुरिअरने पाठवावा. आठवण म्हणून हवा आहे. झटकू नये.

आणखी एक ता. क. ताईने तो धुतला असल्यास आपणच चार दिवस राहायला यावे. भुवया अजून तशाच दाट आहेत ना? निघताना अंघोळीची घाई नको. ती इथे, काम झाल्यावर.