शेळीची अर्धी गोष्ट

३ फेब्रु.
नायगावहून आत सहा कि.मी. चाँदबी खालांची मुलाखत. अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शनच्या गडबडीत नऊ वर्षांच्या होत्या. आमच्या मौखिक इतिहास विभागाचा नियम असा की, रेकॉर्डिंग चालू असताना मुलाखत घेणाऱ्याने तोंडातून आवाज काढायचा नाही, नुसती मान डोलवायची. मी डोलवत बसले. दोन मिनिटांत खाला थांबल्या.
"हुंकार कोन देनार? हुंकाराबिगर गोष्ट चालत न्हाई."
मी रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. नाराजीनेच पुढे सांगू लागल्या.

शेजाऱ्यांनी त्यांना आणि पाच वर्षांच्या हुसनाला ज्वारीच्या रिकाम्या, जमिनीखालच्या पेवात उतरवलं, वर शिळा ठेवली. हुसना रडली असती तर वर फिरणाऱ्या मारेकऱ्यांना दोघी सापडल्या असत्या. म्हणून खाला अंधारात बहिणीला शेळीची गोष्ट सांगत राहिल्या. शेळी मावशीकडे निघाली. वाक्यागणिक हुसनाचं "हूं". शेळी नदीपाशी पोचली, आणि हूं आलं नाही. पेवातली हवा... बाहेर काढलं तेव्हा खाला तेवढ्या जिवंत.

पुढे लेकरं झाली, नातवंडं झाली. ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही.
"पोरगी तिथंच बसून हाय. शेळी पल्याड गेली का न्हाई म्हनून."

५ फेब्रु.
दुपारी रेकॉर्डिंग लिहून काढायला बसले. शेळी निघते तिथपासून प्रत्येक वाक्यामागे एक बारीक "हूं". माझा नाही. मी नियम पाळला होता. खालांची सून तेव्हा शेतात, दार लावलेलं, खोलीत आम्ही दोघीच. तीनदा ऐकलं.

७ फेब्रु.
विभागातल्या सरांना ऐकवलं. बाहेरचा आवाज असेल, काढून टाका म्हणाले. कॉम्प्युटरवर सफाई केली. पंखा गेला, कोंबड्या गेल्या, खालांचा खोकलासुद्धा गेला. हूं आणखी स्वच्छ. सरांनी चहा मागवला आणि विषय बदलला. थोर माणूस.

८ फेब्रु.
खालांना ऐकवायचं का? या वयात काही झालं तर पाप माझ्या माथी. आणि नाही ऐकवलं तर ती चोरीच. झोप नाही.

११ फेब्रु.
ऐकवलं. मोबाइल कानाला धरून बसल्या. भ्यायल्या नाहीत. मीच भ्याले.
"ऐकून राहिली बग अजून."
गोष्ट संपवायची म्हणाल्या, पण मन धजेना. संपली की ती जाणार, मग आपल्याजवळ काय राहिलं, असं पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "लई वर्सं बसवली म्या तिला अंधारात. बास आता."

रेकॉर्डर लावला. शेळी नदीपाशी आली. मला राहवेना. नियम गेला खड्ड्यात. म्हटलं, "हूं."
खालांनी हात वर केला.
"तू नगं. तिला म्हनू दी."
मी ओठ मिटले. त्या कान देऊन थांबल्या. मला काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी मान हलवली आणि पुढे निघाल्या. पाणी उतरलं, शेळी पल्याड गेली, मावशीने तिला हिरवा चारा घातला. झाली गोष्ट. रडल्या नाहीत. सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

१४ फेब्रु.
सर विचारतात, दुसरं रेकॉर्डिंग लिहून झालं का. फाइल अजून उघडलेली नाही. शेवटच्या वाक्यानंतर हूं असेल तर ती अजून तिथंच. नसेल तर...
आत्ता सुनेचा फोन. खाला सकाळपासून दारात बसून विचारतायत, बाईंनी ऐकलं का, पोरगी काय म्हणाली.