अर्ध्या गाण्यावर वाढलेल्या गिनी कोंबड्या

तीर्थरूप ताईला धाकट्याचा वाकून नमस्कार (खरोखरच वाकून, पाठ अजून सरळ झालेली नाही, म्हणून अक्षर उताराला लागल्यासारखं दिसेल).

तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की अजून दारावर ती पाटी लटकते आहे आणि तू भाजीची पिशवी घेऊन प्रत्येक मजल्यावर दम खातेस? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस हे विचारत नाही, कारण जन्मभर मेट्रन राहिलेल्या बाईला असलं विचारलं तर काय ऐकावं लागतं ते मला ठाऊक आहे. माझी प्रकृती उत्तम. भूक लागते, झोप लागते, आणि दुपारी दोन्ही एकदम लागल्यामुळे कधीकधी ताटावरच डोळा लागतो. इथल्या दुपारी तशाच आहेत. खिडकीतून ऊन तिरपं येतं, त्यात धूळ तरंगत असते, आणि ती खाली कधी बसते ते बघत बसलं की चहाची वेळ होते.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या खेपेला तू कायमची राहायला आलीस. बॅग फाटकाशी ठेवलीस, वर पाहिलंस, पायरीवर तो ऐसपैस पसरला होता, आणि ज्या गाडीने आलीस त्याच गाडीत बॅग टाकून निघून गेलीस. काच खाली करून एवढंच म्हणालीस, "या घरात तो तरी राहील, नाहीतर मी." जिने वॉर्डात भल्याभल्यांना गप्प बसवलं, तिची एका बिनपायाच्या प्राण्यापुढे पाचावर धारण बसावी याचं मला हसू आलं. (गाडी वळेपर्यंत आवरलं होतं.) मग आत आलो, तुझ्यासाठी काढून ठेवलेला मोठा कप टेबलावर दिसला, आणि हसू कुठच्या कुठे गेलं. तो कप मी अजून आत ठेवलेला नाही. साप घालवायचा आणि तुला आणायचं, हे त्याच दिवशी पक्कं केलं.

पलीकडच्या मळ्यात कोंबड्या पाळणाऱ्या मावशी आहेत. त्यांनी सांगितलं की गिनी कोंबड्या ठेवा. हे पक्षी तू पाहिले नसशील. अंगावर करड्या रंगात पांढरे ठिपके, अगदी नीटनेटके, आणि वर डोकं मात्र आपल्या थोरल्या काकांसारखं गुळगुळीत. साप दिसला की सगळ्या मिळून त्याला घेरतात आणि असा गलका करतात की सापाला जगणं नकोसं होतं. पण मावशी म्हणाल्या, मोठ्या झालेल्या नेऊ नका, त्या उडून परत माझ्याकडेच येतील. अंडी न्या, आणि उबवायला ही खुडूक कोंबडी न्या. मी अंडी घेतली. कोंबडी घेतली नाही. (ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तशी नजर मी फक्त तुझ्या वॉर्डात पाहिली आहे.) मावशींनी कपाळाला हात लावला, पण अंडी गवतात गुंडाळून दिली.

तर माझ्या आरामखुर्चीजवळ एक खोकं, त्यात दिवा, पाण्याची वाटी आणि अंडी. अंडी दिवसातून कितीदा तरी फिरवावी लागतात. तेवढ्यासाठी उठायचं कशाला, म्हणून मी कामाचं टेबलच खोक्याशेजारी ओढलं आणि तिथेच बसून जुने पियानो, पेट्या, जे काही दुरुस्तीला येतं ते जुळवत राहिलो. आता, जुळवताना मी गुणगुणतो हे तुला माहीतच आहे. तारा ताणताना, स्वर ऐकताना, तेल घालताना, सतत. अंड्यातल्या पिल्लांना बाहेरचं ऐकू येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं! एका दुपारी मी अर्धवट झोपेत गुणगुणत होतो तर खोक्यातूनही बारीक आवाज येऊ लागला. मला वाटलं, स्वप्नच आहे, म्हणून आणखी थोडा वेळ पडून राहिलो. डोळे उघडले तेव्हा ओली, ठेंगणी पिल्लं एकमेकांवर चढून माझ्याकडे बघत होती. ताई, तशा विश्वासाने आजवर माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, हे तुलाच सांगतो.

मी त्यांची आई झालो. त्यांनी तसं ठरवलं, मला विचारलं नाही. मी विहिरीवर गेलो की सगळ्या माझ्यामागे विहिरीवर, मी अंघोळीला गेलो की दाराबाहेर रांगेने उभ्या. पक्षी घर राखतील असा माझा हिशेब होता. ते मला राखतात. मी ओसरीत बसलो की ओसरी निर्धोक, स्वयंपाकघर उघडं. स्वयंपाकघरात गेलो की ओसरी वाऱ्यावर. म्हणून हल्ली मी घरभर स्वतःला थोडा थोडा वाटून घेतो. सकाळी मागचं दार, मग कोठीची खोली, जेवण पायरीवर, वामकुक्षी सरपणाच्या ढिगाशेजारी. (तिथे झोप छान लागते. चिमण्या येतात.) पोस्टमनला वाटतं की माझं काहीतरी हरवलं आहे आणि मी ते शोधतो आहे.

त्या पोस्टमनचंही सांगायला हवं. या पक्ष्यांना जे जे लांब आणि वळणारं, ते ते सापच वाटतं. बागेच्या रबरी पायपाला त्यांनी सकाळभर वेढा घातला. मी पियानोची जाड तार वेटोळ्यातून सोडली तर घर डोक्यावर घेतलं, आणि खोलीतल्या झाडून सगळ्या पियानोंच्या तारा त्या आवाजाने आपोआप झणझणू लागल्या. बिचाऱ्या पोस्टमनच्या पट्ट्याचं टोक लोंबतं. आता तो पट्टा काढून खिशात ठेवतो आणि एका हाताने विजार धरून दुसऱ्याने टपाल देतो. त्यांचा आवाज म्हणशील, तर गंजलेलं फाटक कुणीतरी रागाने हलवावं तसा, आणि दोन स्वरांतला दुसरा किंचित उतरलेला. जन्मभर दुसऱ्यांचे स्वर चढवून दिले, पण घरच्यांपुढे माझं काही चालत नाही.

पण काम त्यांनी चोख केलं, हे मान्य करायला हवं. परवा मी हौदाजवळ बसलो होतो. ढग पाण्यात हळूहळू सरकत होते आणि मी त्यांच्याबरोबर सरकत होतो. एकदम ती गंजलेली फाटकं हलायला लागली! बघतो तर तुझा तोच, पायरीवरचा. माझ्या मुलींनी (होय, मुलीच म्हणतो) पंख पसरून गोल धरला होता आणि त्याच्या तोंडावर असं काही सुनावत होत्या, की त्याने ब्र काढला नाही. फणा नाही, फुत्कार नाही. वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा कुंपणाखालून निघून गेला. त्यानंतर इकडे फिरकलेला नाही. तुझी अट पुरी झाली. तुझी खोली झाडून ठेवली आहे, खिडकीला बारीक जाळी बसवली आहे, आणि सरपण तुझ्या दारापासून लांब हलवलं आहे.

एकच अडचण उरली. मी जे गुणगुणतो ते आईचं गाणं, तुझ्या वेण्या घालताना ती म्हणायची ते. पहिल्या वेणीला अर्धं, दुसरीला अर्धं. मी रिबीन धरून शेजारी उभा असायचो, पण पहिली वेणी झाली की आई मला मोजे घालायला पिटाळायची. त्यामुळे मला पहिल्या वेणीपुरतंच येतं. ते जिथे थांबतं तो स्वर थांबायचा नव्हेच, माझ्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आता मुलींनाही कळतं. मी तिथवर येतो आणि गप्प होतो, तर सगळ्या टकल्या माना वर करून माझ्याकडे बघत राहतात. पुढचं येईल म्हणून. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्या पुन्हा थांबतात. दुपार अशी जाते.

असो. गोळ्या, चष्मा आणि लोकरीचे मोजे विसरू नकोस. इथे पहाटे गारठा असतो.

तुझा,
धाकटा

ता. क. साप गेला तो मावशींच्या मळ्याच्या बाजूला. हे त्यांना अजून बोललो नाही. त्यांची ती खुडूक कोंबडी त्याला बघून घेईल.

आणखी एक: मी गुणगुणत असलो की मुली पेंगतात, आणि मग त्यांच्यासमोरून साप काय, मिरवणूक गेली तरी कळणार नाही. म्हणजे राखण हवी तर मी गप्प बसायला हवं, आणि रिकाम्या घरात मला गप्प बसवत नाही. शेजारी बोलायला माणूस असेल तर जमेल.

शेवटचं: तू फाटकाशी आलीस की त्या तुझ्या बॅगेच्या पट्ट्यावर धावून येतील. घाबरून गाडीत बसू नकोस. तिथेच उभी राहून दुसऱ्या वेणीचं गाणं म्हण, बघ कशा गप्प होतात. आणि ते कागदावर लिहून पाठवू नकोस. मला स्वरलिपी वाचता येते हे तुला माहीत आहे, पण सध्या चष्मा सापडत नाही. फोनवरही म्हणू नकोस. मी उचलणार नाही.